माझ्या माथ्यावरची चुगलखोर डबी

मी जुनी लिफ्ट आहे, मित्रांनो, आणि माझा सहसा कोणावर विश्वास बसत नाही. ब्याऐंशी साली जळगावातल्या एका चार मजली सरकारी इमारतीत मला बसवलं, तेव्हा मला बघायला पारोळ्याहून लोक गाड्या जुंपून आले होते. एकदा वीज गेली, तर नुसत्या झुलालच्या शिव्यांच्या जोरावर मी दुसरा मजला गाठला. खोटं वाटतंय? मग तुम्हीही माझ्यासारखेच संशयी आहात. बरंच आहे.

झुलाल माझा लिफ्टमन, चोपड्याकडचा. माझं दार तो रोज पुसायचा. पुढे लोकांना माझी सवय झाली. भिंतींवर पानाच्या पिचकाऱ्या आल्या, करकरले की टोमणे आले.

सत्त्याण्णव साली धुळ्याच्या सुकदेव मेकॅनिकनं वर माझ्या मोटारीशेजारी एक करडी डबी ठोकली. मी किती फेऱ्या मारते, किती वजन उचलते, ब्रेक किती तापतो, हे सगळं ती टेलिफोनच्या तारेवरून त्याच क्षणी धुळ्याला कळवायची. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. पाहुणी म्हणून घरात शिरायचं आणि घरातलं परगावी सांगायचं, ही काय रीत झाली?

झुलालला वेगळाच संशय. "हाई डबी माले हाकलाले उनी शे," तो म्हणाला. फेऱ्या कमी दिसल्या की लिफ्टमनची जागा जाणार, असं त्याच्या डोक्यात बसलं. नुसती रिकामी फेरी वजनावरून पकडली जाईल, म्हणून त्यानं गावाकडून केळीचे घड आणले. दुपारी वर्दळ थंडावली की घड आत रचायचे आणि मला वर-खाली पिटाळायचं.

अशाच एका दुपारी म्हातारी तानुबाई हयातीचा दाखला द्यायला आली. तिला तिसऱ्या मजल्यावर जायचं होतं.

"इतला घड कोठे ली चालना, भाऊ?"

"वर."

"आनि मंग?"

"खाले. डबीले गिऱ्हाईक दखाडी ऱ्हायनू."

"मंग त्यास्ले उतरू दे. मना गुडघा दुखी ऱ्हायनात."

झुलालनं घड बाहेर काढले, तोच त्याच्या स्टुलाजवळचा फोन वाजला. पलीकडे सुकदेव होता.

"झुलालभाऊ, लिफ्ट आत्ताच्या आत्ता बंद करा. ब्रेक फार तापलाय. कोणाला बसवू नका."

"ब्रेक इथे, तुम्ही धुळ्याला. चटका तुम्हाला बसला का?"

"डबीनं कळवलंय."

"ती तर माझ्या वाईटावरच आहे," म्हणत त्यानं फोन ठेवला. मीही मनात म्हटलं, खोटारडी मेली! मला तर काहीच होत नव्हतं.

"चाल अक्का, बठ," झुलाल म्हणाला. तानुबाईनं एक पाय आत टाकला आणि थांबली. "तुले भरोसा शे ना?"

 झुलालनं तिचा हात धरून तिला बाहेर घेतलं, सगळे घड परत आत रचले, तीनचं बटण दाबलं आणि स्वतः बाहेर उडी मारली. "पहिले ह्यास्ले जाऊ दे."

मी ऐटीत तिसऱ्या मजल्यावर पोचले. थांबले. आणि ब्रेक सुटला. दोर सुटलेल्या बादलीसारखी मी खाली आले आणि तळातल्या स्प्रिंगांवर आदळले. दुधाशिवाय शिकरण झालं.

संध्याकाळच्या एस.टी.नं सुकदेव आला. ब्रेकचं अस्तर त्यानं इमारतीच्या साहेबांपुढे धरलं. विसरलेल्या पापडासारखं काळं पडलं होतं.

"साहेब, रोज दुपारी पाच माणसांचं वजन वर जातं आणि न उतरताच परत येतं. ही माणसं कोण, ते डबीला कळत नाही."

झुलालची मान खाली. जिना चढून-उतरून थकलेली, अजून पायरीवरच बसलेली तानुबाई बोलली, "चोपडाना पाव्हना. मी दख्यात त्यास्ले. भलता गरीब, एक शबद बोलतस नही."

सुकदेव हसला. झुलाल हसला नाही. "माझी जागा जाईल म्हणून केलं, साहेब," तो म्हणाला.

साहेबांनी सुकदेवला विचारलं, "डबी असताना लिफ्टमन हवाच कशाला?" "डबी मला हाक मारते, साहेब," सुकदेव म्हणाला. "तिला बाईंचा हात धरून बाहेर काढता येत नाही."

झुलालची जागा राहिली. पाव्हण्यांना मात्र बंदी झाली.

मित्रांनो, डबीवर माझा अजूनही विश्वास नाही. ती एखाद्या दिवशी गप्प बसली तर काय, ही शंका मला रोज येते. म्हणून अधूनमधून माझा ब्रेक कोणीतरी डोळ्यांनी बघत जा. पण ती ओरडली, तर आधी माणसं बाहेर काढा आणि माझ्या दाराला कुलूप घाला. मग ती खोटं बोलते की खरं, यावर हवा तेवढा वेळ भांडा. उभ्या लिफ्टपाशी भांडून कोणी मरत नाही.