निळ्या ट्यूबचा आळ

आमचे आबा चोर आहेत, हे यशराजनं मोबाईल बघून ठरवलं.

बघून म्हणजे काय, तर त्यानं उजेड मोजायचं कसलंसं ॲप फुकटात उतरवून घेतलं, त्याच्या घरातल्या माशांच्या टाकीवरच्या ट्यूबखाली मोबाईल धरला, आणि आकडा कमी आला म्हणजे आबांनीच ट्यूब बदलल्या! उचलली जीभ, लावली टाळ्याला. घरात बोलला असता तर एक वेळ गिळलं असतं. हा त्याच्या खताच्या दुकानात बोलला. बाजाराच्या दिवशी, पोत्यांवर दहा माणसं बसलेली असताना. "कुंडलिकतात्यांना पुण्याच्या भारी निळ्या ट्यूब आणून दिल्या होत्या. त्या कुठं गेल्या देव जाणे, माझ्या टाकीवर डुप्लिकेट लागल्यात."

कुंडलिकतात्या म्हणजे आमचे आबा, माझे वडील. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या आमच्या गावात ते एकतीस वर्षं वायरमन आहेत. गवंड्याचं काम बाहेरच्या भिंतीवर असतं. वायरमनला कपाटाच्या मागं, देव्हाऱ्याच्या वर, थेट आतल्या खोलीत हात घालावा लागतो. आणि उसाच्या लागणीला अख्खं घर रानात असतं. बाया फोनवर सांगायच्या, "तात्या, किल्ली कोनाड्यात हाय, फ्यूज तेवढा बघून जावा." एकतीस वर्षांत कुणाची सुई हलली नाही.

यशराज बोलल्यावर आठवड्याच्या आत सगळं पालटलं. एका घरी आबा मिक्सरचा प्लग बदलत होते, तर घरातली सासू येऊन कपाटाला पाठ लावून बसली. "पाय दुखत्यात," म्हणाली. आबांनी घरी येऊन एवढंच सांगितलं आणि भाकरी मोडून तशीच ताटात ठेवली. दुसऱ्या एका घरात सून त्यांच्या मागं मागं या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. आबा म्हणाले, "जाऊ दे म्हाळसा, लोकांचं तोंड काय धरायचं?"

जाऊ दे? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आबांकडं जमीन वीतभर नाही. लोकांच्या घरात एकट्यानं जायची जी मोकळीक होती, तीच त्यांची इस्टेट. ती या पोरानं ॲप दाखवून उडवली!

त्यातनं उजेड मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम. मी बारामती एमआयडीसीत टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये आहे. बाटल्यांत केळीची आणि उसाची बोटभर रोपं, बाटल्या मांडण्यांवर, मांडण्यांना ट्यूब. कुठल्या फळीवर किती उजेड पडतो ते मी सात वर्षं मोजतेय. मोबाईलचं ॲप माणसाच्या डोळ्याला दिसणारा उजेड मोजतं. माणसाच्या डोळ्याला निळा उजेड कमीच दिसतो. मग निळ्या ट्यूबखाली आकडा पडणारच की! त्याच्या टाकीत खारं पाणी, दोन केशरी मासे आणि मऊ प्रवाळं. प्रवाळ दिसतं फुलासारखं, पण तो जीव असतो आणि उजेडावर जगतो. त्याला तो निळाच लागतो. हे त्या शहाण्याला कुणी सांगायचं? प्रवाळं मिटायला लागली, पांढरी पडायला लागली, की धर कुंडलिकाला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

लॅबमध्ये रोपांसाठीचा वेगळा मीटर आहे. रोपाला लागणारा सगळा उजेड, निळा धरून, तो सारखा मोजतो, आणि त्याचा डोळा पाण्यात बुडवता येतो. मॅडमना सगळं सांगितलं, रजिस्टरवर सही केली आणि रविवारी मीटर घरी आणला.

आबा यायला तयार नव्हते. "मी काय चोरी केलीया, सफाई द्यायला?"

"कर नाही त्याला डर कशाला? उठा."

"डर न्हाय गं. लाज वाटती."

लाज यांना वाटत होती! मी त्यांना ओढूनच स्कूटीवर बसवलं.

यशराजच्या घरी दार त्याच्या आईनं, लीलाबाईकाकीनं उघडलं. सोफ्यावर अजून दुकानातलं प्लास्टिक. बसलं की कर्रकर्र वाजतं. टीव्हीचा रिमोट पिशवीत, फ्रीजच्या दाराला निळा कागद तसाच. फ्रीज घेऊन दोन वर्षं झाली असतील. यशराज आतून आला. शाळेत माझ्याच वर्गात होता, तेव्हाही उत्तरं माझीच बघून लिहायचा.

"काय म्हाळसा, तपासणी?" हसत म्हणाला.

"व्हय. मोबाईल काढ तुझा."

टाकीवर आबांनी बनवलेली पेटी होती. आत चार ट्यूब, दोन पांढऱ्या, दोन निळ्या. पेटीच्या तोंडाला, पाणी उडू नये म्हणून, ॲक्रिलिकची पट्टी. मी पट्टी सरकवून बाजूला ठेवली. आधी नुसत्या पांढऱ्या लावल्या, खाली त्याचा मोबाईल आणि माझा मीटर शेजारी शेजारी धरले. मग नुसत्या निळ्या. मोबाईलवर नऊ हजाराचे दोन हजार झाले. माझ्या मीटरवर पांढऱ्यांचा आकडा आणि निळ्यांचा आकडा जवळजवळ एकच.

"दिसलं? ट्यूब अस्सल हायेत. तुझा मोबाईल निळ्याला आंधळा आहे."

लीलाबाईकाकी डोळे मोठे करून बघत होती. यशराज काही लगेच हार मानणारा नव्हता. "मग प्रवाळं का मरतायत? पाण्यात मोज की."

मोजते की! पट्टी परत बसवली, चारही ट्यूब लावल्या, मीटरचा डोळा पाण्यात प्रवाळाशेजारी धरला. दीडशेच्या आसपास यायला हवा होता. आकडा आला बावन्न.

 हलवून परत धरला. बावन्न.

"बघ!" यशराज ओरडला. "तुझाच मीटर सांगतोय. कमीच हाय का न्हाय?"

 आबा इतका वेळ दाराशी उभे होते, चपलासुद्धा न काढता. ते तिथूनच हळू म्हणाले, "त्या पट्टीवरचा पापुद्रा काढा आधी."

पट्टी मी हातात घेतली. नव्या ॲक्रिलिकवर चरे पडू नयेत म्हणून येतो तो प्लास्टिकचा पापुद्रा दोन्ही बाजूंनी तसाच होता! तीन महिन्यांच्या उष्णतेनं फुगून पिवळा झालेला, सुरकुत्यांत मिठाचा पांढरा थर. मी नखानं एक कोपरा उचलला आणि टराटरा ओढून काढला. पट्टी फडक्यानं पुसली, बसवली, मीटर पाण्यात धरला. एकशे सेहेचाळीस.

मी आकडा यशराजपुढं धरला.

"आबा, तुमाला ठाऊक होतं?"

"बसवली त्याच दिशी म्हनलं होतं, काढू का म्हणून. यशराज म्हनला, तात्या, तुमी ट्यूबचं बघा, ऱ्हाऊ द्या, नवं ऱ्हातंय." आबा थांबले. "मंग चोर म्हनल्यावर काय बोलायचं? चोराचं कोण ऐकतंय?"

म्हणजे या घरानं फ्रीजचा कागद काढला नाही, सोफ्याचा काढला नाही, टाकीचाही काढला नाही, आणि अब्रू काढली ती माझ्या बापाची!

यशराज डोकं खाजवत हसला. हसला! "अरे, गैरसमज झाला. सोडा आता तात्या. आई, चहा टाक."

"चहा ठेव तुझा," मी म्हणाले. "दुकानात बोललास ना? मग दुकानातच माघारी घ्यायचं. बाजाराच्या दिवशी, त्याच दहा माणसांपुढं. न्हाईतर मी हा पापुद्रा घेऊन तुझ्या काउंटरपुढं उभी ऱ्हाते."

"एवढं काय त्यात..."

"यश्या!" लीलाबाईकाकी कडाडली. "बोलशील तू. मी येती संगं, बघती कसा बोलत न्हाईस." मग आबांकडं वळली, पदर सावरला. "भावजी, चुकलं आमचं."

आबांनी नुसती मान हलवली.

आणि बोलला हो तो. आईच्या धाकानं का होईना, बाजाराच्या दिवशी पोत्यांवरच्या माणसांना सगळं सांगितलं. लोक हसले, "मोबाईलला निळं दिसत न्हाय व्हय!" म्हणाले, यशराजची चार दिवस टिंगल झाली. आबांचा फोन परत वाजायला लागला. टाकीतली दोन प्रवाळं उमलली म्हणे, त्यानं मला फोटोही पाठवला. मी उत्तर दिलं नाही. पण मनातून मी जिंकले होते, खोटं कशाला बोलू.

मग परवा संध्याकाळी कामावरून येताना वळणावर ठमाबाईच्या घरापुढं आबा दिसले. पायरीवर बसलेले, हत्यारांची पिशवी मांडीवर. मागं दार सताड उघडं.

मी स्कूटी थांबवली. "काय झालं आबा? हितं का बसलाय?"

"पंखा लावायचाय. ठमाबाई रानात गेलीया. तिनंच फोन केलावता, जावा म्हनली, दार उघडंच हाय."

"कधीपासून बसलाय?"

"चार वाजल्यापासनं."

सहा वाजून गेले होते.

"मग जावा की आत! दार उघडं हाय की."

आबा माझ्याकडं बघेनात. पिशवीच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले.

"म्हनून तर भायेर बसलोय," म्हणाले.

मला यशराजला पुन्हा जाऊन धरावंसं वाटलं, गचांडीच धरावी असं वाटलं. पण त्याला आता म्हणणार तरी काय? त्यानं तर माघारी घेतलं होतं. मी स्कूटी स्टँडवर लावली आणि आबांच्या शेजारी पायरीवर बसले. ठमाबाई यायला सात वाजले.