अख्खी गाडी ज्याला भ्याली

भिऊ नका, मी फुटत नसतो! मी पितळी तांब्या बोलतोय, नांदगावच्या केरूच्या घरचा. शेरभर पाणी मावेल एवढंच माझं पोट. पण एकदा या पोटाला अख्खी गाडी भ्याली होती. एकोणीसशे एकतीस सालची गोष्ट. अजून आठवली की मीच थक्क होतो.

जन्म माझा नाशिकचा, तांबट आळीतला. हातोडीचे ठोके खाऊन गोल झालो आणि केरूच्या लग्नात नांदगावला आलो. केरू शेतकरी गडी, मोठा बोलका. सकाळी मला तोंडाला लावायचा, एका दमात रिकामा करायचा आणि "आहाहा!" म्हणायचा. एकदा बैलानं माझ्यावर पाय दिला नि मी बुडाला चिरलो. गावोगाव फिरणाऱ्या बद्रुद्दीन कल्हईवाल्यानं भाता फुलवला, चवलीच्या नाण्याएवढा डाग दिला, नवसागराची पूड फिरवून आतून लख्ख कल्हई केली. केरूनं तिथंच मला भरून पाहिलं. थेंब गळला नाही. त्या दिवसापासून केरू आणि बद्रुद्दीन दोस्त झाले.

मग केरू तापानं गेला. धोंडाबाईनं, त्याच्या बायकोनं, अस्थी माझ्यात भरल्या, तोंडाला फडकं बांधलं आणि मला दारच्या बाभळीला टांगलं. अस्थी भुईवर टेकवायच्या नसतात ना! दहाव्याच्या आत त्या नाशिकला गोदावरीत सोडीन, असं तिनं केरूला मरताना वचन दिलं होतं.

जायचं होतं धाकट्या दिरानं, रंगनाथनं. पण त्या दिवसांत जिकडंतिकडं एकच बोलणं, की रेल्वेत बाँब ठेवतात. गावात बाँब कुणी पाहिला नव्हता. भ्याले मात्र सगळे.

"वैनी, मी नाय गाडीत बसायचा," रंगनाथ म्हणाला. "मलाबी लेकरं हायती."

"ऱ्हाऊ दे मग," धोंडाबाई म्हणाली. "म्या जाते. उद्या दहावा हाय."

गाडीत तिनं मला खिडकीवरच्या खुंटीला अडकवलं आणि खाली बसून राहिली. आत काय आहे ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर विटाळ झाला म्हणून लोकांनी तिला वाटेतच उतरवलं असतं.

मनमाडला गाडी थांबली. पोलीस शिपाई चढला आणि सामान तपासू लागला. माझ्याकडं बोट करून त्यानं विचारलं, "हा तांब्या कुणाचा?"

धोंडाबाईनं पदर पुढं ओढून मान खाली घातली. मला आपला म्हणायला कुणीच पुढं आलं नाही.

"अहो, तोंड बांधलंय त्याचं!" एक शेठजी पुटपुटले. तेवढ्यात इंजिनानं हिसका दिला आणि माझ्या पोटात अस्थी खुळखुळल्या.

"टिकटिक करतंय!" कुणीतरी ओरडलं.

झालं! अहो, पोटात खुळखुळ मला ऐकू येत होती, पण बाहेर अख्ख्या डब्याला टिकटिक ऐकू आली. शेठजी खिडकीतून गेले. त्या पोटाचा माणूस त्या खिडकीतून गेला कसा, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. भरघोस मिशांचा एक गडी एक वहाण टाकून पळाला. बायकांचा आक्रोश, पोरांची रडारड, शेजारचे डबेही रिकामे. शिपाई तर सगळ्यांच्या पुढं! त्या लोंढ्यात धोंडाबाईही बाहेर ढकलली गेली. मी एकटा खुंटीवर. बापरे, माझी मलाच भीती वाटायला लागली. खरंच तर माझ्यात काही नाही ना?

पोलिसांचे जमादार आले. लांब उभे राहून म्हणाले, "बांबू आणा. खिडकीतून काढून नाल्यात फेका."

नाल्यात! माझा केरू नाल्यात!

बांबू माझ्या कडेला लागला, इतक्यात फलाटावरून कुणी ओरडलं, "थांबा साहेब! तो लोटा मी ओळखतो. बुडाला डाग माझ्या हातचा हाय!" भाता खांद्यावर घेतलेला बद्रुद्दीन होता.

लोकांना तेवढंच पुरलं. "हाच बाँबवाला! धरा!" दोघांनी त्याला धरलं, तिसऱ्यानं कानफटात ठेवून दिली. पिशवीतून पांढरी पूड निघाली. "दारू! बाँबची दारू!"

"नवसागर हाय तो, कल्हईचा!" कोण ऐकतंय? ओठातून रक्त आलं तरी तो सांगत होता, "केरूभाऊच्या घरचा लोटा हाय. नांदगावला जाऊन त्यालाच इचारा ना! तो सांगंल!"

"ते नाय सांगायचे," गर्दीतून आवाज आला.

धोंडाबाई पुढं झाली. बांबू तिनं हातानं बाजूला सारला, डब्यात चढली आणि मला खुंटीवरून काढून छातीशी धरलं. "त्या मानसाला सोडा. तांब्या माझा हाय. आन् मालक ह्यातच हायती."

तिनं गाठ सोडली. जमादारांनी वाकून पाहिलं, हळूच टोपी काढली. बद्रुद्दीन माझ्याकडं बघत राहिला. "केरूभाऊ?" एवढंच म्हणाला आणि मटकन खाली बसला.

गाडी सुटली तेव्हा डब्यात दोघंच होती. मघाशी बाँबला भ्यालेली माणसं आता विटाळाला भिऊन दुसऱ्या डब्यांत दाटीवाटीनं बसली होती.

"माझ्या गप बसन्यापायी तुमाला मार बसला, भाऊ," धोंडाबाई रडत होती.

"दोस्ताला पोचवायला निघालोय, वहिनी," तो म्हणाला. "मार कसला घेऊन बसलात?"

दिवस मावळायच्या आत केरू गोदावरीत मिळाला. भटजी म्हणाले, तांब्या इथंच सोडा. तिनं सोडला नाही. बद्रुद्दीननं मला पुन्हा कल्हई केली आणि धोंडाबाई रोज माझ्यातूनच पाणी पिते. रंगनाथ अजून मला शिवत नाही. ती हसते. "आख्खी गाडी पळाली तवा म्या ह्याला उराशी धरला. आता काय भ्यायचं?"

आता मी म्हातारा झालो, कडा झिजली. माणसांची भीती मी आतून पाहिली आहे. एवढी ताकद ना इंजिनात, ना बाँबात. म्हणून हात जोडून सांगतो, कधी गाडीत तोंड बांधलेला तांब्या दिसला आणि त्याच्याखाली एखादी बाई गप्प बसलेली दिसली, तर पळायचं असेल तर पळा बाबांनो, पण आधी तिला एवढंच विचारा, "बाई, कोण गेलं तुमचं?"