वर न मागणारी सावित्री

मधुवंतीला कोणी सांगितला होता नसता उद्योग! विद्यापीठात शिकवते म्हणून मंडळाच्या गणपतीसाठी सावित्रीचं नाटक नव्याने लिहायला घेतलं आणि बाईंनी शेवटच बदलला. हिची सावित्री यमापुढे पदर पसरणार नाही. सत्यवान मरतो, ती ताठ मानेने घरी जाते, पडदा.

"अगं, स्वतःच्या नवऱ्याला स्टेजवर मारतेस?" मंडळातल्या पद्मिनीकाकू म्हणाल्या होत्या. पण चंडीगडात धड मराठी बोलणारा पुरुष मिळायची मारामार. यम म्हणून चंडीमंदिर छावणीतला मेजर हेरंब मिळाला, सावित्री ती स्वतः, सत्यवान मात्र तिच्या नवऱ्याला, जयंतलाच व्हावं लागलं. त्याला चार महिन्यांपूर्वीच हार्ट अटॅक येऊन गेलेला. म्हणून दोघांनी ठरवलं, मांडीवर मरून पडलं की यमाच्या प्रत्येक वाक्याला त्याने गुपचूप तिचं बोट दाबायचं.

रविवारी संध्याकाळी हॉल गच्च भरला. जयंत कोसळला, तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. हेरंब गरजला. बोट दाबलं गेलं. हेरंब पुन्हा गरजला. या वेळी बोट दाबलं गेलं नाही.

तिने चिमटा काढला. छे! हात गार लागला. श्वास चालतोय की नाही, काही कळेना. पुढच्याच रांगेत चार डॉक्टर बसलेले. त्यांना हाक मारायला तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच.

"परत द्या हो यांना! पाया पडते, पण परत द्या!"

हे नाटकात कुठे होतं? विंगेत प्रॉम्प्टिंग करणारी मेघना वहीची पानं उलटत सुटली. मधुवंतीने एका हाताने जयंतचं डोकं छातीशी धरलं, दुसऱ्या हाताने यमाचा पाय. रडणं खोटं नव्हतं, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. हेरंब पार बावचळला. "बरं... तथास्तु," म्हणाला बिचारा.

जयंतने डोळे उघडले. टाळ्या पडल्या, पडदा पडला.

"बोट का नाही दाबलंस, मेल्या?" ती त्याची छाती चाचपत होती. "जीव गेला ना माझा!"

जयंत उठून बसला. "हॉस्पिटलात तू टिपूस काढलं नाहीस. सह्या केल्यास, डबे आणलेस. मग हे नाटक लिहिलंस." त्याने तिचं बोट दाबलं. "घाबरलो होतो गं. वाटलं, मी गेलो तर खरंच ताठ मानेने घरी जाशील."