शिंकणाऱ्यांची खोली

लेकीच्या हळदीला टेमघरच्या काळूरामने मांडवात खुर्च्या इतक्या लांब लांब मांडल्या होत्या, की शेजारच्याला विडा द्यायचा तर उठून चालत जावं लागे. कुठल्याशा देशात कोंबड्यांना फ्लू झाल्याची बातमी त्याने पाहिली होती आणि पुढची महामारी आपल्याच मांडवातून निघणार, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. नाचायचं नाही. हळद लावायची ती रंगाच्या ब्रशने, हात लांब करून. आणि जो शिंकेल त्याने माडीवरच्या खोलीत जाऊन बसायचं, तिथेच जेवायचं. मागच्या साथीत त्याचा धाकटा भाऊ गेला होता, म्हणून त्याला कुणी हसलं नाही. निदान तोंडावर तरी.

पहिला शिंकला हारूनभाई, त्याचा निजामपुऱ्यातला पॉवरलूमवाला दोस्त. हळदीची पूड नाकात गेली होती. बिचारा निमूट वर गेला. वर कुणाचा धाक नव्हता, त्यामुळे थोड्याच वेळात खालच्या लांब लांब खुर्च्या बघून त्याचं खो खो हसणं खिडकीतून ऐकू येऊ लागलं. मग नवरीचे मामा शिंकले. मग मामी, मामांकडे बघत बघत. बँजोवाले तर वाद्यं उचलून सगळे एकदमच शिंकले. शेवटी नवरी, उन्नती, बापासमोर आली, तोंडानेच "आक्छी" म्हणाली आणि साडी सावरत जिना चढून गेली.

मांडवात उरला काळूराम आणि परातभर हळद. वर बँजो सुरू झाला. पोरीची हळद बापाशिवायच साजरी होते की काय, या विचाराने त्याचा जीव कासावीस झाला आणि तो धावत वर गेला.

दारात त्याची बायको, सीताबाई, उभी होती. आत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकी एकच, आणि सगळं गणगोत घामाने निथळत नाचत होतं.

"तुमाला पन शिंक आली का?" तिने विचारलं.

"अगं, एकाला झालं तर सगल्यांना होईल."

"मंग? खाली मोकळ्या हवेत बसली व्हती मानसं. तुमच्या भ्यानं तुमीच त्यांना डब्यात भरलीव."

काळूराम खाली बघू लागला. "माजा भाऊस गेला गं. मला भ्या वाटतंय."

"मला न्हाय वाटत का? साथ आली तवा दार लावून बसलोच ना आपन? परत आली तर परत बसू. माज्या बहिणीला ताप हाय, तिला मीच सांगितलं, येऊ नको. पन आज साथ न्हाय आली. आज पोरीची हळद हाय."

मेहुणी आलेली नाही, हे काळूरामच्या लक्षातच आलं नव्हतं. दिवसभर तो खुर्च्या मोजत होता. त्याला स्वतःचंच हसू फुटलं.

"चला, सगले खाली," तो ओरडला. "नाचा, पन हवेशीर नाचा."

बँजो वाजत वाजतच जिना उतरला. उन्नती पाटावर बसली. काळूरामने दोन्ही हात परातीत बुडवले.

"पप्पा, हात धुतलेत ना?" तिने डोळे बारीक करून विचारलं.

"दोनदा," तो म्हणाला आणि लेकीचे गाल हातांत धरून, हसता हसता, ढसाढसा रडला.