तीन गाड्या दगड

माझ्या भावानं, जयसिंगानं, बेटम्याकडून तीन बैलगाड्या भरून दगड आणवले आणि तुकोगंजातल्या आमच्या अंगणात ओतले. हो, दगड. माळव्याच्या काळ्या मातीत कोपरापर्यंत हात घाला, खडा लागायचा नाही. शेतात चुकून दगड निघाला तर शेतकरी तो बांधावर फेकतो, आणि आमचे हे शहाणे तोच दगड उचलून घरी आणतात! विचारलं तर म्हणाला, "अक्का, इसको रॉकरी बोलते हैं. तुला नाही समजणार."

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. दगड मला समजतात. न समजण्यासारखा आमच्या घरात एकच होता, आणि तो कचेरीत कोट घालून जायचा.

होळकर सरकारच्या काळात जयसिंग हुजूर कचेरीत साधा कारकून होता. संस्थान विलीन झालं, मध्यभारत झालं, आणि हा सचिवालयात सुपरिंटेंडेंट झाला. डोक्यात वारं शिरायला तेवढं पुरलं. उन्हाळ्याचे महिने सरकार ग्वाल्हेर सोडून इंदुरात मुक्कामाला यायचं, फायलींसकट. त्या वर्षी, म्हणजे त्रेपन्न साली, त्याच्या खात्याचे सेक्रेटरीसाहेब वैशाखात आमच्याकडे चहाला येणार होते. वरची एक जागा रिकामी होती आणि जयसिंगाचा डोळा तिच्यावर होता. झालं! आमची बाग एकदम जुनाट दिसायला लागली.

भावजय मंजिरी कुठलंसं विलायती मासिक उघडून बसायची. त्यात म्हणे लिहिलं होतं की बाग ही घराची बाहेरची बैठक असते. आत चार खुर्च्या धड पुसल्या जात नव्हत्या, आणि बाईंना बाहेर आणखी एक बैठक हवी. सल्ला द्यायला लक्ष्मीकांत नावाचा एक महाभाग मिळाला. जयसिंगाच्या कचेरीत नकाशे काढायचा. सहा महिने मुंबईला राहून आला होता, तेवढ्या बळावर आमच्या अंगणात खिशात हात घालून फिरायचा. "देखो भिया," तो म्हणायचा, "आजकाल झाडं नाही चालत. आजकाल व्ह्यू चालतो." मग ठरलं. मधोमध लॉन, कोपऱ्यात रॉकरी, रॉकरीत निवडुंग, वाकड्यातिकड्या फरशांची वाट, आणि सिमेंटचे दोन बगळे. वैशाखात, इंदुरात, लॉन! विहीर तळाला गेलेली, आणि हा गवताला पाणी पाजणार.

हसून सोडून दिलं असतं मी. माणसाला हौसेनं मूर्ख व्हायचं असेल तर कोण अडवणार? पण त्या बागेत माझे वडील चालायचे. एकटे. सगळी गोष्ट एवढीच आहे.

आबा, प्रतापराव, होळकरांच्या रिसाल्यात होते. तीस वर्षं घोड्यावर. काचबिंदूनं आधी डावा डोळा गेला, मग उजवा. पण कुणी हात धरलेला त्यांना खपायचा नाही. बाग त्यांनी डोळे असताना स्वतः लावली होती, फौजेच्या शिस्तीत, सरळ ओळीत. पायरीपासून सतरा पावलांवर जामाचं झाड. तुमच्या पुण्यामुंबईकडे पेरू म्हणतात. खोडाला हात लागला की उजवीकडे वळायचं, अकरा पावलांवर लिंबू. मग मोगऱ्याचा वाफा, मग विहिरीचा कठडा, आणि त्याच वाटेनं परत. रोज सकाळी सहाला आबा काठीसुद्धा न घेता निघायचे आणि देवाला फुलं घेऊन यायचे. मी विधवा होऊन माहेरी आले तेव्हापासून पाहत होते. तेवढा एक तास आबा कुणाचे आंधळे वडील नसायचे.

म्हणून मी जयसिंगाला बजावलं, "काय तुझे बगळे बसवायचे ते बसव. आबांच्या वाटेला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे."

"अरे अक्का, तू भी ना! जाम, लिंबू, वाट, सगळं जसंच्या तसं राहणार. आबा, तुम्हाला वचन देतो."

आबा म्हणाले, "कर बाबा. तुझ्या साहेबांना आवडेल असं कर." मुलानं वचन दिलं म्हटल्यावर म्हाताऱ्याचं समाधान झालं.

पुढच्या सोमवारी शाळेत परीक्षा होती, मी दिवसभर बाहेर. त्याच दिवशी मंजिरीला अचानक सासऱ्यांची भक्ती आठवली. ती आबांना टांग्यात घालून खजराण्याच्या गणपतीला घेऊन गेली. संध्याकाळी मी फाटकातून आत आले आणि थिजलेच. जाम नव्हता. बुंधासुद्धा खणून काढलेला. लिंबू नाही, मोगरा नाही. आबांच्या वाटेवर दगडांचा ढीग, आणि ढिगावर लक्ष्मीकांत निवडुंगाची रोपं खोचत होता. कुऱ्हाडीचा आवाज कानावर पडू नये म्हणून आंधळ्या बापाला देवदर्शनाला पाठवलं होतं! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"लाज नाही वाटली?"

"व्ह्यू अडत होता, अक्का," जयसिंग खाली बघत म्हणाला. "आज काही बोलू नकोस. उद्या सकाळी मीच सांगतो त्यांना. सच में."

आणि मी गप्प बसले. मोठी तोंडाळ म्हणवते स्वतःला, पण त्या संध्याकाळी आबा गणपतीचा प्रसाद माझ्या हातावर ठेवत होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ते पाप माझंही आहे, ते मी कुणाच्या माथी मारत नाही.

सकाळी सहाला सुपरिंटेंडेंटसाहेब घोरत होते. मी चहाचं आधण ठेवत होते. खिडकीतून पाहिलं तर आबा पायरी उतरून निघालेले. मी तशीच धावले, पण ते पुढे गेले होते. पंधरा, सोळा, सतरा. त्यांनी हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही. आणखी एक पाऊल टाकलं, आणखी एक. गुडघा दगडावर आपटला. ते हात तसाच पुढे धरून उभे राहिले.

"भानू," मी जवळ पोचल्यावर ते अगदी हळू म्हणाले, "मी कुठं आहे गं?"

"अंगणातच आहात, आबा."

"मग जाम कुठं आहे?"

मला रडू कोसळलं. त्यांना कळलं. गुडघ्यातून धोतरावर रक्त उतरलं होतं. मी त्यांचा हात धरून त्यांना घरात आणलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी धरू दिला.

त्या दिवसापासून आबा बाहेर पडले नाहीत. व्हरांड्यात खुर्चीवर बसायचे, जेवायला बोलावलं की उठायचे. जयसिंग म्हणाला, "त्यात काय एवढं? गडी ठेवू, सकाळ-संध्याकाळ हात धरून फिरवेल." बापाला फिरवायला गडी आणि गवताला पाणी घालायला हा स्वतः! रोज संध्याकाळी कोट काढून झारी घेऊन उभा. तरी ते गवत पिवळं ते पिवळंच.

बेटम्याच्या कन्याशाळेत मुख्याध्यापिकेची जागा होती. आडगावात जायला कुणी तयार नव्हतं. मी अर्ज केला, जागा मिळाली, आणि आबांना म्हटलं, "माझ्याबरोबर चला. तिथल्या घराला मोकळं अंगण आहे. नवी वाट पाठ करू."

"या वयात?" आबा म्हणाले. मग खुर्चीचा हात चाचपत, "आणि जयसिंगाला लोक काय म्हणतील? म्हातारा बाप घर सोडून गेला म्हणतील. नको." बघा, अजून त्यालाच सांभाळत होते!

चहाचा दिवस आला. लॉनवर वेताच्या खुर्च्या, सेक्रेटरीसाहेब, पाचसहा अधिकारी, त्यांच्या बायका. लक्ष्मीकांत टाय लावून रॉकरीशेजारी उभा, जणू दगड त्यानंच जन्माला घातले. आबांना साफा बांधून, अंगरखा चढवून साहेबांशेजारी बसवलेलं. जुन्या रिसाल्यातला म्हातारा दाखवायला बरा, नाही का? साहेब ग्वाल्हेरचे मराठे होते, वागायला अदबशीर. आबांशी घोड्यांबद्दल छान बोलत होते.

"बाग सुंदर केलीत, जयसिंगराव," ते म्हणाले.

आणि माझा भाऊ छाती फुगवून काय म्हणाला असेल? "सब आबांसाठीच केलं, साहेब! त्यांना बागेची फार आवड. रोज सकाळी एकटेच फिरतात इथे."

माझ्या हातातली बशी खाली ठेवावी लागली मला. आबांची मान वळली, जयसिंगाच्या आवाजाकडे. चेहऱ्यावर राग नव्हता. इतके दिवस जो मुलगा ते मनात सांभाळत होते, तो त्या क्षणी संपला, एवढंच दिसलं मला.

"वा!" साहेब म्हणाले. "मग आबासाहेब, तुम्हीच दाखवा की आम्हाला."

आबा उठले. अंगरखा सारखा केला. "दाखवली असती, साहेब. पण या बागेतलं मला काही ठाऊक नाही. गुडघा फुटला त्या दिवसापासून मी इथं आपणहून पाऊल टाकलेलं नाही." त्यांनी साहेबांच्या आवाजाकडे तोंड वळवलं. "मला फाटकापर्यंत जायचंय. आता एकट्याला जमत नाही. तुमचा हात द्याल?"

साहेबांनी कप ठेवला आणि हात पुढे केला. जयसिंग धडपडत मध्ये आला, "मी नेतो ना, आबा, मी!" त्यानं कोपर धरलं. आबांनी ते सोडवून घेतलं, झटका न देता, आणि परक्या माणसाचा हात धरून चालायला लागले. लॉनवरून, सरळ. मीही मागोमाग गेले. साहेबांचे बूट चिखलात रुतत होते, पण ते थांबले नाहीत. एकदाच म्हणाले, "पुढे दगड आहे, आबासाहेब, जरा डावीकडून." फाटक आल्यावर आबांनी हात सोडला आणि फौजी सलाम केला.

"भानू, बेटम्याची मोटार सकाळी किती वाजता सुटते?"

"सातला."

"माझी वळकटी बांधून ठेव."

जयसिंग घामाघूम होऊन जवळ आला आणि दात आवळून पुटपुटला, "आबा, काय चाललंय हे? लोक बघताहेत!"

"बघू देत," आबा म्हणाले. "मला कुठं दिसतात ते."