अंबिकाच्या वारेची फिर्याद

मित्रांनो, मी एक वार आहे, बाळंतपणात बाळामागून बाहेर पडते ती. नाक मुरडू नका. तुम्ही सगळेच जन्माआधी माझ्यासारख्या एका वारेच्या जिवावर जगलात आणि जन्मल्यावर तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. सध्या मी सोलापुरातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत, औषधी पाण्याच्या बरणीत आहे. माझ्या मनात राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

मी अंबिकाच्या पोटात तिच्या बाळाबरोबरच वाढले. आईच्या रक्तातून अन्न आणि प्राणवायू घ्यायचा आणि नाळेतून बाळाला द्यायचा, हे माझे काम. त्यात मी क्षणभरही खंड पडू दिला नाही. सोनोग्राफी करताना डॉक्टर अरिबा म्हणाल्या होत्या, "वार छान आहे." माझे कौतुक झाले ते तेवढेच.

मग करोनाची दुसरी लाट आली. अंबिकाचे सासरे गुरुसिद्धप्पा यांचे नवी पेठेत कापडाचे दुकान. टेंभुर्णीचे एक लग्न उरकून ते खोकतच घरी आले. अंगात ताप होता. अंबिकाला तेव्हा आठवा महिना होता.

ती म्हणाली, "मामा, तपासून घ्या की. तोवर वेगळ्या खोलीत झोपा."

"तपासलं की घराला पट्टी लावतील. गल्लीत तोंड कुटं दाखवायचं? साधी सर्दी हाय."

आणि ते तिच्यासमोर बसून खोकत राहिले. तिने तोंडाला रुमाल बांधला, तर म्हणाले, "सासऱ्याचा विटाळ होतो व्हय तुला?" तिचा नवरा सोमलिंग मोबाईलमध्ये बघत बसला होता. त्यालाही मी माफ केलेले नाही.

थोड्याच दिवसांत अंबिकाला ताप आला. तो उतरला, तशी घरातल्यांना ती बरी झाली असे वाटले. पण विषाणू माझ्यापर्यंत पोहोचला होता. मी त्याला बाळापर्यंत जाऊ दिले नाही. त्याची किंमत मी मोजली. मला सूज आली. जागोजागी चिकट थर साचले. मऊ होते ती मी टणक झाले, आणि बाळाचा प्राणवायू कमी होत गेला.

"अत्ती, बाळ हलंना झालंय," अंबिका सासूला, सुंदरम्माला म्हणाली.

"दिवस भरत आले की सुस्तावतं. पडून राहा."

गुरुसिद्धप्पांनी बाहेरून बजावले, "दवाखान्यात जायचं न्हाय. तिथं तपासणी करतील, मग दुकान बंद."

अंबिकाने चप्पल घातली. सोमलिंग दारात उभा होता. "अप्पा सांगतायत ते ऐक की," तो म्हणाला.

"बाजूला हो, सोमलिंग."

आजवर तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती. तो बाजूला झाला. ती एकटीच रिक्षात बसली.

बाळाचे ठोके मंदावले होते. डॉक्टर अरिबांनी लगेच ऑपरेशन केले. मुलगी झाली, अगदी बारकी. आधी ती रडलीच नाही. मग रडली, आणि माझे काम संपले.

अंबिकाला घरी सोडायच्या दिवशी गुरुसिद्धप्पा आले. "पोरगी एवढीशी कशी? हिनं नीट खाल्लं नसंल."

डॉक्टरांनी माझी बरणी त्यांच्यापुढे ठेवली. "चांगली वार स्पंजासारखी मऊ असते. ही दगडासारखी झालीय, करोनाने. अंबिका घरी आणखी थांबली असती तर बाळ गेलं असतं."

"झाका ते," तोंड फिरवून ते म्हणाले.

"झाकू नका, डॉक्टर," अंबिका म्हणाली. "बघू दे त्यांना." आणि मुलीला घेऊन ती श्रीपूरला, माहेरी निघून गेली.

मित्रांनो, तुम्हाला खोकला असेल आणि घरात कुणी गरोदर असेल, तर तिच्यापासून लांब राहा. बाळ हलत नाही असे ती म्हणाली, तर तिला शहाणपण शिकवू नका, दवाखान्यात न्या. तुमचे दुकान बंद पडले तर पुन्हा उघडता येते. मी बंद पडले की संपले. एका बाळाला वार एकच मिळते.