वाकडा गाभारा

अमेरिकेतल्या अल्फारेटा शहराच्या उत्तरेला जुन्या रस्त्यालगत एक छोटं दगडी चर्च आहे. शंभरेक वर्षांपूर्वी इंग्लंडहून आलेल्या एका पाद्रीबाबांनी ते आपल्या गावच्या चर्चबरहुकूम बांधून घेतलं. चौकोनी मनोरा, टोकदार कमानी, उलट्या होडीसारखं लाकडी छत. त्याचा वेदीकडचा भाग आता पाडायचा होता आणि त्याआधी मोजमापं घ्यायला प्रीता आली होती.

प्रीता नागपूरची आर्किटेक्ट. नवऱ्याच्या, निमिषच्या व्हिसावर अमेरिकेत आली आणि कामाचा परवाना हातात पडेपर्यंत लेक शाळेत जायला लागली. जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या एका ऑफिसात तिला नुकतीच नोकरी लागली होती. “फक्त मोजून ये,” बॉस ग्रेग म्हणाला होता, “निर्णय झालाय.”

चर्चची देखभाल करणाऱ्या डोरोथी नावाच्या आजीबाईंनी दार उघडलं. “माझं लग्न इथेच लागलं,” त्या म्हणाल्या. “पण इंजिनिअर म्हणतो, तो भाग जागचा सरकलाय. कधीही कोसळेल.”

प्रीता मधल्या वाटेत उभी राहिली. वेदीचा भाग, म्हणजे आपल्याकडचा गाभाराच, सरळ रेषेत नव्हताच. अख्खा डावीकडे वळला होता. कोपऱ्यातल्या गिलाव्याला मोठा तडा होता. भिंत झुकलीय का ते बघायला तिने ओळंबा सोडला. भिंत मात्र चोख उभी! मग तिचं लक्ष फरशीकडे गेलं. वळणावरच्या फरश्या पाचरीसारख्या कापून नेमक्या बसवलेल्या होत्या. नंतर सरकलेल्या इमारतीत फरश्या अशा कशा राहतील?

“इथला थोडा गिलावा काढू?” तिने विचारलं.

डोरोथीबाईंनी कोपऱ्यातला बाक बाजूला ओढला. “काढ. नाहीतरी पाडणारच आहेत.”

छिन्नीने ओला गिलावा भसाभस निघाला. आत दगडांचे सांधे घट्ट होते आणि कोपऱ्याचा दगड मुळातच तिरपा घडवलेला होता.

प्रीताला हसू फुटलं. “आजी, हे सरकलं नाही. वाकडंच बांधलंय! इंग्लंडच्या खेड्यांत अशी कितीतरी चर्च आहेत. कुणी म्हणतं, क्रुसावर येशूची मान कलली होती म्हणून. कुणी म्हणतं, वेगवेगळ्या काळात बांधताना रेषा चुकली. तुमच्या पाद्रीबाबांनी गावचं चर्च वाकडेपणासकट इथे आणलं.”

“मग तडा?”

“वरचं पन्हाळं तुंबलंय. पाणी गिलाव्यात मुरतंय.”

प्रीताने फोन केल्यावर ग्रेग दुपारी आला तोच वैतागून. “तू नवी आहेस. इंजिनिअरच्या विरोधात रिपोर्ट लिहायचा म्हणजे काय, कल्पना आहे?”

“आहे. मी लिहिते, सहीही माझीच राहू दे,” प्रीता म्हणाली.

ग्रेगने त्या तिरप्या दगडावरून सावकाश हात फिरवला. “दोघांच्या सह्या करू,” तो म्हणाला.

इंजिनिअरनेही पुन्हा येऊन पाहिलं आणि मोकळेपणाने चूक कबूल केली. पाडकाम कॅन्सल झालं. पन्हाळं बदललं, चुन्याचा नवा गिलावा चढला.

वसंतात डोरोथीबाईंच्या नातीचं तिथेच लग्न लागलं. प्रीता सहकुटुंब गेली होती. नवरी वेदीकडे निघाली, तशी वळणापाशी जराशी डावीकडे वळली. निमिष कुजबुजला, “अगं, खरंच वाकडं आहे की!”

“हळू बोल,” प्रीता म्हणाली. पण पुढच्या बाकावरून डोरोथीबाई मागे वळल्या होत्या आणि सगळ्यांना बोट दाखवून सांगत होत्या, “ती बघा, आमची आर्किटेक्ट.”